एकाहत्तर पॉईंट चार तीन तीनचा दरवाजा

बाभुळगावच्या नयनले कोणी "किती टक्के पडले रे?" विचारलं का तो "अडुसष्ट पॉईंट चार तीन" सांगे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले होता. एसटी दहा मिनिटं लेट असली तं हा नऊ मिनिटं चाळीस सेकंद म्हणे. असा माणूस घरात असल्यावर दुसरा दुश्मन पाहिजे कायले!

रविवारी त्याच्या बहिणीले, सलोनीले, पाहाले पावणे येणार होते अन् नव्या बाथरूमले दरवाजाच नव्हता. नुसता पोत्याचा पडदा. वेल्डिंगवाले नासिरचाचा माप घ्याले निघाले तं नयन आडवा झाला.

"चाचा, तुम्ही काहून येता? मी आणतो नं!"

त्यानं चौकटीची रुंदी वर, मधात अन् खाली मोजली. बहात्तर पॉईंट एक, एकाहत्तर पॉईंट पाच, सत्तर पॉईंट सात सेंटिमीटर. मोबाईलवर सरासरी काढली, एकाहत्तर पॉईंट चार तीन तीन. छाती हे एवढी फुगली!

चाचानं चिठ्ठी पाह्यली. "पॉईंटच्या मांगं हे वरात कोनाची? सगळ्यात कमी कुठं भरलं, थे सांग."

"सरासरी हाय चाचा. सायन्स हाय!"

"बरं बाप्पा. तुह्या सायन्सवर बनवतो."

शनिवारी दरवाजा आला. वर ढिला, खाली अडला. नयननं खांदा लावला, लाथ मारली, मंग कॅल्क्युलेटर उघडून सरासरी पुन्हा काढली. तेवढीच आली!

बाबा म्हणले, "लय बरोबर हाय तुहं. उद्या पावण्यायले थेच वाचून दाखव."

सलोनीच्या डोळ्यात पानी. "दादा, माह्या लग्नात तू कशाचंच माप घेऊ नको."

नयन मान खाली घालून चाचाकडं गेला. चाचा आले, खाली टेप लावला. "सत्तर."

"सत्तर पॉईंट सात, चाचा."

"थो सात हवेले दे. मिस्त्रीनं चौकट बोटभर वाकडी बसवली अन् तू केसाएवढं मोजून राह्यला! दरवाजा अरुंद जागेतून जाते, सरासरीतून नाही जात. अन् त्याचं माप खालीच उतरवाचं, वर नाही चढवाचं."

एक बाजू कापून परत जोडली, वरच्या फटीले पट्टी मारली. दरवाजा खट्टकन लागला. नयनले हसूही आलं, रडूही आलं. कोणतं किती, थे मोजलं नाही.

रविवारी पावण्यायनं हातपाय धुतले, दरवाजा ओढून पाह्यला. "मजबूत हाय!" मंग नयनकडं वळले. "शिकता का? टक्के किती?"

नयन आता शहाणा झाला होता. "सत्तर धरा."

चहाचा ट्रे घेऊन आलेली सलोनी त्याच्या कानाशी वाकली. "खालीच उतरवाचं नं, दादा?"

"अडुसष्ट," नयन म्हणला, अन् पॉईंट चहासंगं गिळून टाकला.