निळी पडलेली धार

माझ्या माहेरच्या चाकूने दिराने तार कापली आणि पात्याला तांदळाएवढी खांड पडली. मूल गावातल्या सासरच्या घरात आम्ही दोघे तसेही कामापुरतेच बोलत असू. मला न विचारता त्याने चाकू नेला आणि ग्राइंडरवर धरला. खांड गेली, पण पाते इतके तापले की कड निळी पडली. ती धार टमाटरावरूनही घसरू लागली.

"भाऊजी, जाळून टाकलं तुमी पोलाद. काऊन हात लावला माह्या चाकूले?"

"चांगलं करून देल्लं, तं वरून भांडून राह्यली, वहिनी!"

जेवून तो झोपला, तेव्हा मी अंगणात त्याच्या खाटेसमोरच धारेचा दगड मांडला, पाणी शिंपडले आणि निळा भाग जाईपर्यंत पाते घासत बसले. खरखरीने त्याची झोप मोडली. तो कुरकुरला, तसा मी हाताचा जोर वाढवला. दुपार कलली तेव्हा पाते अरुंद झाले होते, पण कांदा अलगद चिरत होते. त्याने बघायला हात पुढे केला. मी चाकू पदराखाली घेतला.

आता तो चाकू माझ्या पेटीत कुलपात असतो. दिराला काही कापायचे असले की तो शेजारी चाकू मागायला जातो. मी जाऊ देते.