दोन दरवाजांची की चार दरवाजांची

गाडी मला घ्यायची होती. लायसन्स माझं, हौस माझी आणि पेन्शनही माझंच. तरी बाणेरच्या त्या बंगल्यात पाय ठेवल्यापासून गाडी विकणारा गृहस्थ माझ्या नवऱ्याशीच बोलत होता.

माझा नवरा कॉलेजात संस्कृत शिकवायचा. सायकलपलीकडे त्यानं आयुष्यात काही चालवलेलं नाही. मी मात्र भूजलाच्या सर्वेक्षणात नोकरी केली आणि वेल्ह्यापासून मावळापर्यंतचे चढ खात्याच्या जीपमधून पालथे घातले. तिथंच एका धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी तज्ज्ञाची ती विलायती गाडी पहिल्यांदा पाहिली. आमची जीप ज्या चिखलात रुतून बसली होती, तिथून ती राजेशाही थाटात वर गेली. तेव्हापासून ती डोक्यात होती. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता घ्यायचीच.

प्रश्न होता मॉडेलचा. सुरुवातीची होती ती दोन दरवाजांची: साधी स्प्रिंग, हातानं टाकायचे गिअर, पाण्यानं धुता येतील अशा सीट. नंतरची चार दरवाजांची आणि लांब: आत लाकडी पट्ट्या, चामड्याच्या सीट, ऑटोमॅटिक गिअर आणि हवेच्या फुग्यांवर तोललेलं सस्पेन्शन. पुण्यात दोन्ही विकायला होत्या. मन चार दरवाजांकडे झुकत होतं. आमचे गुडघे आता आमचं ऐकत नाहीत.

"सर, बसून बघा ना," तो गृहस्थ म्हणाला आणि त्यानं नवऱ्याला थेट स्टिअरिंगसमोर बसवलं.

मी विचारलं, "सस्पेन्शनचे फुगे मूळचेच आहेत की बदललेत?"

"सर, एकदम मख्खन चालते," त्यानं नवऱ्याला उत्तर दिलं.

मी पुन्हा विचारलं. तेव्हा माझ्याकडे वळून, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, "मॅडम, ते टेक्निकल असतं. सरांना सांगतो मी."

मी वाकून बघितलं. मागचं डावं चाक वरच्या कमानीत चांगलंच आत गेलं होतं, म्हणजे तिथला फुगा गळून तो कोपरा खाली बसला होता. मी ते दाखवलं. "जमीन तिरकी आहे," तो म्हणाला. जमीन फरशीची होती. आयुष्यभर जमिनी मोजत आलेल्या बाईला तो जमीन शिकवत होता!

चक्कर मारायला निघालो तर मला मागे बसवलं. "मी चालवून बघते," म्हटलं, तर म्हणाला, "इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो मॅडम. शिवाय ही गाडी लेडीजना जरा जड जाते." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पुढच्या सीटवर रेलून लाकडी पट्टीवरून हात फिरवत होता. उतरताना तो गंभीरपणे म्हणाला, "लांबी चांगली आहे. टॉर्कही बरा वाटला."

परतताना रिक्षात मी विचारलं, "अहो, टॉर्क म्हणजे काय?"

तो बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "माणूस इतक्या आपुलकीनं सांगत होता, त्याला वाईट वाटायला नको म्हणून... तूच बोलायचंस ना."

"मी बोलतच होते. तुम्ही दोघं ऐकत नव्हता."

विकणाऱ्याचा राग होताच, पण त्याला मी ओळखत नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर संसार केला होता. त्यानं "गाडी हिला घ्यायची आहे, मला चालवता येत नाही" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याला सुचलं नाही, कारण तिथं 'सर' असणं त्याला आवडलं होतं.

दुसरी गाडी बघायला मी एकटीच गेले. खडकवासल्याच्या पुढे एका जुन्या घरात ती होती, दोन दरवाजांची. मालकीणबाई माझ्याहून वयानं मोठ्या. यजमान लष्करातून निवृत्त झालेले, नुकतेच गेले होते. बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मागच्या डिकीचं झाकण गंजलंय, पाऊस आत येतो. आधीच सांगते. मी डावीकडे बसते. मला तिथलीच सवय आहे."

धरणाच्या कडेच्या रस्त्यानं निघालो. क्लच जड होता, पण गाडी खड्ड्यांतून अशी गेली की मला हसू फुटलं. तिसरा गिअर करकरला तेव्हा बाई म्हणाल्या, "तिथं क्षणभर थांबा, मग टाका. हे नेहमी घाई करायचे."

"तुम्ही चालवता?"

"छे. क्लच जाईल म्हणून कधी हात लावू दिला नाही."

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "आई, त्या बाईंचे मिस्टर आलेत का? त्यांच्याशी बोलतो. नाहीतर राहू दे, आपण डीलरलाच देऊ."

बाई शांतपणे म्हणाल्या, "गाडी त्या चालवतायत. काय विचारायचं ते त्यांना विचार. आणि गाडी माझ्या नावावर आहे."

मग फोनमधून आवाज आला, "आंटी, मॅन्युअल जमेल ना तुम्हाला?"

"आत्ता तेच चालवतेय," मी म्हटलं. बाईंनी फोन बंद केला.

परत आल्यावर त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी गाडी थांबवली, उतरले आणि त्यांना म्हटलं, "या इकडे." त्या नको नको म्हणाल्या, पण आल्या. दोनदा गाडी धक्का खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा क्लच हळूच सुटला आणि ती अवाढव्य गाडी गवतातून पुढे सरकली. कुंपणापाशी त्यांनी ब्रेक दाबला. मला वाटलं, हसतील. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"एवढंच होतं हे?" त्या म्हणाल्या. "एवढ्याचसाठी मला हात लावू दिला नाही?"

त्या स्टिअरिंग धरून बराच वेळ बसून राहिल्या.

मी तीच घेतली. मागच्या सीटवर चढताना गुडघे बोंबलतात, पण माझी जागा मागे नाहीच. बाईंना म्हटलं, हवं तेव्हा फोन करा, मी गाडी घेऊन येईन. त्या करतात, मी जाते आणि डावीकडे बसते; चालवतात त्या.

गाडी सदाशिव पेठेत आमच्या सोसायटीत लावली त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका तिच्याभोवती फिरले आणि नवऱ्याला म्हणाले, "वा सर, मोठी गाडी घेतलीत!"

"मी नाही, हिनं घेतली," नवरा चांगला मोठ्यानं म्हणाला. "मला चालवता येत नाही."

काकांनी मान डोलावली. मग त्यालाच विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"