रुमालाखालचा भाव

“तू तिथूनच वरड तुझा भाव,” साहेब म्हणाले. मी कचेरीच्या दारात उभा, डोक्यावर दोरांचा भारा.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी इतक्या खोल गेलेल्या, की सकाळी सोडलेली बादली तळाला टेकेस्तोवर माणसाची दुपारची भाकर खाऊन व्हायची. सरकारी विहिरींना दोर हवे होते. साहेब दोर पुरवणाऱ्यांना, दुकानदारांना अन् आम्हा वळणाऱ्यांना, हिंगोलीला बोलावून समोरासमोर भाव ठरवायचे. दोर वळणं हा आमच्या गावाबाहेरच्या आळीचा धंदा. माझ्या दोराला हत्ती बांधा. हत्ती तुटेल, दोर नाही.

भावाची रीत मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली. वर रुमाल, खाली साहेबाचा हात अन् दुकानदाराचा हात. बोटं दाबून भाव सांगायचा. तिसऱ्याला पत्ता नाही. खुर्चीवरच्या दोन्ही दुकानदारांचं असंच झालं. माझी पाळी आली. मी हात पुढं केला. साहेबांनी रुमालाची घडी केली अन् खिशात घातली.

मागच्या खेपेला वरडलो होतो. असा वरडलो, की वसमतची एसटी जागेवर थांबली. दुकानदारांनीही ऐकलं. त्यांनी पुन्हा रुमालात हात घातले, माझ्या भावाच्या खाली उतरले अन् काम घेऊन गेले. मग आमच्याच आळीतून दोर मातीमोलानं उचलून सरकारला दिला.

“वरड की,” एक दुकानदार हसला. “गळा तर बैलावानी हाय.”

“साहेब, ह्यांचा भाव रुमालात, माझाच हवेत काहून?”

“हात लावायची तकलीफ कशाला? ऐकू येतंय मला.”

“दोराला लावता न्हवं? ह्याच हातानं वळलाय. थुंकी लावू लावू. तुमच्या समद्या विहिरीत उतरलाय त्यो.”

दुकानदारानं तोंडाजवळचा पाण्याचा पेला खाली ठेवला.

“चल, निघ!” साहेब म्हणाले.

“निघतो. पर भाव रुमालातच सांगीन. न्हाईतर ह्यांनाबी वरडू द्या.”

काम गेलं. आमच्या गावापर्यंत, शिरड शहापूरपर्यंत, भारा घेऊन पायी आलो. आळीला वाटत होतं, काम घेऊनच येईन. थोरला भाऊ म्हणाला, “वरडला असतास तर काय जीभ झडली असती?” दुसऱ्या दिवशी आळीनं दोर दुकानदाराला दिला. मी नाही दिला. तेव्हापासून आळीच्या पारावर मी बसलो, की बाकीचे उठतात. गप्पा मारायला माझ्याकडं उरलाय तो घरातला भारा.

उभ्या जन्मात मी तोंड मिटलेलं नाही. झोपेतही बडबडतो म्हणतात. पण पुढच्या खेपेला भाव ठरवायला पुन्हा जाणार. एकटाच. दारात नाही, टेबलापाशी उभा राहीन. हात पुढं करीन.

अन् तोंडातून एक अक्षर काढणार नाही.