तात्पुरतं म्हणून घातलेलं कार्ड

अन्याय झाला तो मावशीवर. १९७३ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळची पाळी सुरू व्हायच्या जरा आधी. कंपनीच्या खोल्या कोणाकोणाकडे राहणार याची नवी यादी त्या वेळी खाणीच्या हपिसाच्या भिंतीवर चिकटवली गेली, आणि मावशीचं नाव तिच्यात नव्हतं. नाव नाही म्हणजे महिनाअखेरीस खोलीला कंपनीचं कुलूप.

मावशी माझी सख्खी नव्हे. आईची मैत्रीण. दोघी एकाच मोटारीत बसून नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या, तेव्हापासून आमच्या घरात तिला मावशी म्हणायचं असं ठरलेलं. नवरा गेल्यावर ती खाणीवर लागली. मँगनीजचा दगड फोडायचा, चांगला माल निवडायचा, टोपलीत टाकायचा, हे तिचं काम. खाणीचं नाव लिहीत नाही. भरवेलीची ती नव्हे एवढं सांगतो. भरवेलीपुढे आमची खाण म्हणजे खड्डाच.

आता जे सांगतो ते वाचून तुम्ही माझ्याकडे संशयाने पाहाल. पाहाच. ती यादी ज्या हपिसातून निघाली, तिथे मी नोकरीला होतो.

बालाघाटात स्टेशनकडच्या रस्त्यावर, एका तांदूळवाल्याच्या गोदामावर दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही तिघं बसून प्रोग्राम लिहायचो: आमचे साहेब, एक बाई आणि सर्वांत नवा मी. कॉम्प्युटरचं यंत्र नागपूरला, तेही भाड्याचं. आम्ही लिहिलेली एकेक आज्ञा एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उतरायची. अशा कार्डांचा गठ्ठा म्हणजे एक प्रोग्राम. गठ्ठा अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने गोंदियाला, तिथून पुढे नागपूरला जायचा, आणि परत यायचा तेव्हा सोबत घड्या घातलेला लांबलचक छापील कागद असायचा. त्या कागदाला खाणीवर फार मान. कलेक्टरच्या सहीलाही नसेल इतका.

यादीपुढे उभी राहून मावशीने हपिसातल्या बाबूला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. बाबू पान चघळत म्हणाला, "अरे बाई, मशीन ने निकाला है. हम क्या करें?"

मावशी माझ्याकडे वळली. "तू त्याच मशीनच्या हपिसात जातं ना रे बाबू? मंग इचार तिले, म्या तिचं काय घोडं मारलं?"

"ती नागपुरात हाय, मावशी."

"मंग नागपुरात बसून मले वळखते कशी? आन वळखत नाही तं नाव काहून काटते?"

बाबूने पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि खिडकी लावून घेतली.

परत येताना सायकलवर डोक्यात पत्रक तयार व्हायला लागलं. मी पत्रकांवरच वाढलो. वार्डातल्या नळासाठी, शाळेच्या फीसाठी, रात्रपाळीच्या दिव्यांसाठी मी सायक्लोस्टाइल काढून हातोहात वाटली आहेत. पत्रक लिहिणाऱ्याची एक खोड असते: पुरावा यायच्या आधी मथळा सुचतो. मालकांनी विधवांना हुसकायचं ठरवलंय, हा माझा मथळा. पण विधवा बाकीच्याही होत्या, आणि त्यांची नावं यादीत जशीच्या तशी होती. मावशीतच असं काय होतं? ती एवढंच सांगत होती की, "मधी पोरीच्या बाळंतपणाले लालबर्र्याले गेलती. सुट्टी मंजूर करून गेलती. चोरून नाही गेली मी."

मग मी खाणीकडे बघायचं सोडलं आणि आमच्याच दोन खोल्यांकडे बघायला लागलो.

साहेब हुशार. नागपूरला दुसरं कोणी पंधरा दिवस घोळवेल ते काम ते दोन दिवसांत लिहून देत. पण त्यांचं लिहिलेलं त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नसे. हजेरीला ते नुसतं एक अक्षर ठेवत, खोलीच्या नंबराला दुसरं अक्षर, आणि काम वाढलं की तीच अक्षरं पुन्हा भलत्याच गोष्टींना लावत. विचारलं तर हसत. "माझ्या डोक्यात आहे सगळं." मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटतं, की हा आळस नव्हता. जे दुसऱ्याला वाचता येत नाही, ते लिहिणाऱ्याला कोणी काढू शकत नाही. एका खाणीचा प्रोग्राम दुसऱ्या खाणीला हवा असला तर ते जुनाच गठ्ठा उचलून वरचं नाव तेवढं बदलत. जुन्यातली घाण नव्यात आपोआप जाई.

बाईंचं उलटं. बाई बालाघाटातल्याच, जुन्या मराठी घरातल्या; वडील कचेरीत, भाऊ कचेरीत, काकाही कचेरीत. हजेरी असेल तर त्या इंग्रजी अक्षरांत "हजर" असंच लिहीत. प्रत्येक चार-पाच आज्ञांपुढे एक शेऱ्याचं कार्ड घालत. शेऱ्याचं कार्ड यंत्र वाचत नाही, ओलांडून जातं. ते माणसांसाठी असतं. इथे हे का केलं, कोणी सांगितलं, एवढंच त्यावर. आणि गठ्ठा पुरा झाला की त्याच्या माथ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळ्या पेन्सिलीने तिरपी रेघ ओढत. गठ्ठा हातातून पडून कार्डं विस्कटली तरी रेघ जुळवत गेलं की सगळी जागच्या जागी बसतात. ही सवय चांगली आहे हे मी कबूल करतो. तरी बाईंवर माझा विश्वास नव्हता. इतकं नीटनेटकं लिहिणारं माणूस काहीतरी झाकत असेल, असं मला कचेरीवाल्यांच्या बाबतीत नेहमी वाटतं. त्यांचे कागद कायम नीटनेटके असतात आणि आमची माणसं कायम रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेल्यावर मी कपाटातून खोल्यांच्या यादीचा गठ्ठा काढला आणि खिडकीपाशी आडवा धरला. वाचायला नव्हे, नुसता बघायला. निळी रेघ सरळ चढत गेली होती, पण मध्येच एका जागी तिच्यात दोऱ्याएवढी पांढरी फट होती. रेघ ओढून झाल्यावर कोणीतरी तिथे एक कार्ड खुपसलं होतं.

ते कार्ड मी उपसलं. त्यावर अर्थ इतकाच होता: कामगार सलग आठवडाभर गैरहजर असेल तर त्याला सोडून पुढच्या माणसावर जा. सुट्टी मंजूर होती की नव्हती हे विचारलेलंच नाही. आणि पुढे शेरा नाही.

बाई समोरच होत्या. कार्ड त्यांच्यापुढे ठेवून मी विचारलं, "हे कोणाचं?"

"माझं," त्या म्हणाल्या. चष्मासुद्धा सारखा केला नाही. इतक्या पटकन कबूल करणारं माणूस बघून माझा संशय वाढलाच.

"तू यायच्या आधी," त्या सांगायला लागल्या, "खाणीवर काम बंद पडलं होतं." संप करणाऱ्यांची नावं त्या महिन्याच्या यादीतून बाजूला ठेवा, असा खाणीच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. एका महिन्यापुरतं, नुसती भीती घालायला; कुलपं लावायची नव्हती. "मी तात्पुरतं म्हणून हे कार्ड घातलं. आणि याच्यापुढे शेऱ्याचं कार्डही घातलं होतं. कोणाचा फोन, कशासाठी, कधी काढायचं, सगळं होतं त्यावर."

"मग कुठाय ते?"

तेवढ्यात साहेब जिना चढून आले. त्यांनी कार्ड पाहिलं, आमची तोंडं पाहिली आणि खुर्चीत बसत म्हणाले, "शेऱ्याची कार्डं ना? काढून टाकली मी उन्हाळ्यात. यंत्र वाचत नाही, गठ्ठा मात्र जड होतो. हमाल कुरकुर करतो."

"कोणकोणती काढली?"

"ते कोण लक्षात ठेवतं रे!"

म्हणजे आज्ञा राहिली आणि तिचं कारण गेलं. किंवा शेऱ्याचं कार्ड कधी नव्हतंच आणि बाई साहेबांच्या सवयीमागे लपत होत्या. किंवा साहेबांनी नेमकं तेवढंच कार्ड काढलं आणि बाकीची सोबतीला. गठ्ठा यातलं काही सांगत नव्हता. रेघेनंतर घातलेल्या कार्डावर रेघ नसते, त्यामुळे ते निघून गेलं तर मागे खूणही राहत नाही.

"तुला वाटतं मी खोटं बोलते," बाई म्हणाल्या.

"हो."

"वाटू दे. मला वाटतं तू हे सगळं उद्या छापशील."

"छापीन."

"अरे, चालतंय ना ते?" साहेब मध्येच म्हणाले. "महिन्याच्या महिन्याला यादी निघते ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालतो? तो प्रोग्राम आहे, चावडी नाही."

मी उठून सायकल काढली आणि मावशीलाच घेऊन आलो. साहेबांना ते आवडलं नाही. गोदामाच्या जिन्यावरून कामगार बाई वर येणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मावशीने पदर सावरला, टेबलावरचं कार्ड उचललं, उजेडात धरून भोकांतून पाहिलं.

"एवढंसं? याच्यानं गेली माही खोली?"

"हौ."

"मंग फाड ना त्याले! बघत काय राह्यला?"

खरं सांगायचं तर फाडणं सोपं होतं. कार्ड खिशात घालायचं आणि गठ्ठा नागपूरला पाठवायचा. पुढच्या यादीत नाव आपोआप येईल, कोणाला पत्ता लागणार नाही. बाईंनी कार्डाकडे गेलेला माझा हात बघितला असावा. "गुपचूप काढ हवं तर," त्या म्हणाल्या. "मग उद्या कोणी गुपचूप परत घातलं तर ओरडू नको."

"मी पत्रकात लिहितो सगळं."

यावर मावशी भडकली. "मले खोली पायजे रे बाबू. तुयं पत्रक घेऊन काय त्याच्यात राहू?" मग बाईंकडे वळून तिने जे विचारलं ते विचारायची माझी हिंमत नव्हती. "बाई, हे घालतानी तुमाले आमी कोनी दिसलो नाही काय?"

"संप करणारे दिसले," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही दिसलात."

"मीबी होती ना संपात!" मावशी म्हणाली आणि स्वतःच हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद ओढला आणि मावशीला शेजारी बसवलं.

त्या जे करायला लागल्या ते मी त्यांना पूर्वीही करताना पाहिलं होतं, पण काल्पनिक कामगार घेऊन. प्रोग्राम यंत्रात घालायच्या आधी स्वतः कागदावर चालवून बघायचा: एक माणूस घ्यायचा आणि एकेका आज्ञेवरून त्याला पुढे न्यायचं. त्या दिवशी त्यांनी खरं माणूस घेतलं, मावशी. ते कार्ड बाजूला ठेवलं आणि बोट कागदावरून सरकत गेलं.

"आता मी कुठं हाय?"

"हजेरीपाशी."

"आन आता?"

"खोलीच्या नंबरापाशी. आता खाली. यादीत."

"मंग तवा कुठं पडली होती?"

बाईंनी बोट उचलून बाजूच्या कार्डावर ठेवलं.

आम्ही ते कार्ड काढलं, साहेबांच्या डोळ्यांदेखत. त्याच्या जागी शेऱ्याचं कार्ड घातलं. त्यावर कोणत्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून अट घातली होती, मंजूर सुट्टीवाल्यांवर ती कशी पडली, काढणारे कोण, आणि खाली आम्हा दोघांची नावं. "प्रोग्राममध्ये माणसांची नावं?" साहेब म्हणाले. "ही काय लग्नातल्या आहेराची यादी आहे?" आम्ही तसंच ठेवलं. बाईंनी नव्याने रेघ ओढली, या खेपेला लाल.

पुढच्या यादीत मावशीचं नाव आलं. खोली आली नाही. तोपर्यंत तिच्यात बैहरकडून आलेला नवा ड्रायव्हर, बायको आणि तान्हं मूल घेऊन राहायला आला होता. मी फोन करणाऱ्या त्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने शांतपणे विचारलं, "मैंने कब बोला? काग़ज़ दिखाओ." कागद नव्हता. जुनं शेऱ्याचं कार्ड होतं असं बाई म्हणतात, आणि साहेब म्हणतात की आठवत नाही. आम्ही नव्याने लिहिलेलं कार्ड दाखवलं तर म्हणाला, हे तुम्ही नंतर लिहिलं. त्याच्या या म्हणण्यात खोटं काय होतं?

ड्रायव्हरच्या बिऱ्हाडापुढे धरणं धरायचं मी ठरवलं तेव्हा मावशीने मला आमच्याच अंगणात अडवलं. "त्या लेकराले कुठं नेऊन टाकतं? त्यानं कुठं घातलं कार्ड?" तेव्हापासून ती आमच्या पुढच्या खोलीत राहते, आईच्या खाटेशेजारी. महिन्याच्या महिन्याला यादीत तिचं नाव छापून येतं, नीट, कुठे चूक नाही. आणि महिन्याच्या महिन्याला ती मला विचारते, "आता कुठं हाय मी?"

बाई खोटं बोलल्या की खरं, मला अजून माहीत नाही. माझा त्यांच्यावर पुरता विश्वास नाही आणि त्यांचाही माझ्यावर नाही. ते आमच्या कामाला चांगलंच आहे. एकमेकांचं लिहिलेलं आम्ही तपासून घेतो.

तुमच्यातलं जे कोणी हे काम करत असेल, त्याने आजच कपाटातला गठ्ठा काढून उजेडात आडवा धरावा. ज्या आज्ञेपुढे ती कोणी सांगितली याचा शेरा नाही, ती सांगणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि नाव लिहून घ्या. नाव देत नसेल तर ते कार्ड यंत्रात घालू नका. आणि जे भिंतीवरच्या यादीपुढे उभे आहेत त्यांनी "मशीन ने निकाला है" हे उत्तर ऐकून घरी परतू नये. तिथेच उभे राहा आणि विचारा: लिहिलं कोणी, आणि कोणाच्या सांगण्यावरून?