फोटोतल्या माणसाची मुलगी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारवालीचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक तिच्याकडे आणतात. ती जळकी तार उपसून काढते, तांब्याची नवी तार भरते आणि मोटार परत देताना गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावते. "टाकी कोरडी पडली तरी चालूच ठेवलीत? मोटार आहे ती, तुमची सून नाही, न थांबता राबायला." वय पन्नाशीचं, जिभेला धार. काम वडिलांनी शिकवलं. ते आता थकलेत, तरी दुपारी दुकानात येऊन स्टुलावर बसतात.

या घराची सुरुवातच लढाईने झाली. वडिलांचा थोरला भाऊ लढाईत गेला, तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरच्या मोठ्यांनी त्याच्या विधवेचं लग्न धाकट्याशी लावून दिलं. लग्नात धाकट्याने भावाचाच कोट घातला, बाह्या आत दुमडून. पुढे मोटारवाली जन्मली. बाहेरच्या खोलीत थोरल्याचा गणवेशातला फोटो आहे; धाकट्याचा एकही नाही. घरात नवं काही आणलं की वडील आधी त्या फोटोकडे बघत, जणू परवानगी हवी होती. लहानपणी एका मावशीने मोटारवालीला कौतुकाने सांगितलं होतं, "तुझे काका गेले म्हणून तू आलीस हो." ते तिच्या घशात अडकलं ते अजून उतरलेलं नाही.

यंदा चौकाला थोरल्याचं नाव द्यायचं ठरलं. नामकरण समितीचे अध्यक्ष दुकानात आले. आईने वीरपत्नी म्हणून मंचावर बसायचं आणि मोटारवालीने वीरकन्या म्हणून दोन शब्द बोलायचे, असा त्यांचा बेत होता.

"मी त्यांची मुलगी नाही. माझे वडील हे काय, तुमच्यासमोर बसलेत."

अध्यक्ष हसले. "अहो ताई, लोक एवढ्या खोलात जात नाहीत. ऐकायला बरं वाटतं."

"म्हण गं," वडील म्हणाले. "आपलं काय जातंय?"

"तुमचं जायला काही उरलंय का, बाबा?"

वडिलांना मंचावर आईशेजारी खुर्ची मिळणार असेल तरच येईन, असं तिने बजावलं. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. हो म्हणायला त्यांना कधीच वेळ लागत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर आईशेजारी दुसरी खुर्ची नव्हती. वडील मागे, कर्ण्याच्या खांबाला टेकून उन्हात उभे होते. वीरकन्या म्हणून पुकारा झाला आणि मोटारवालीने थोरल्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून माइक हातात घेतला.

"या फोटोतल्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. ते परत आले असते तर मी जन्मलेच नसते. मग मी काय लढाईचे आभार मानू? ज्यांनी मला वाढवलं, त्यांना तुम्ही तिकडे खांबाजवळ उभं केलंय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. अध्यक्ष घाईघाईने राष्ट्रगीताकडे वळले.

घरी आल्यावर वडिलांनी दार लावलं आणि ते कडाडले. त्यांचा चढलेला आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"तो माझा भाऊ होता. त्याला एक दिवस मिळाला होता, तोही तू नासवलास. मी मागितली होती का खुर्ची?"

"तुम्ही कधी काही मागितलंय?"

आई अजून पुष्पगुच्छ धरून उभी होती. तिने तो दाणकन टेबलावर आपटला.

"याला खुर्ची, त्याला चौक. मला या भावाकडून त्या भावाकडे दिलं, तेव्हा कुणी विचारलं होतं? वीरपत्नी म्हणे. पहिल्याचा आवाजसुद्धा आठवत नाही मला. आणि तुम्ही सगळा जन्म त्याची माफी मागण्यात घालवलात. माझ्याशी संसार केला कुणी?"

मोटारवाली काहीतरी बोलायला गेली.

"तू गप्प बस," आई म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."