मोगऱ्याची तक्रार

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या मराठी बागप्रेमी मंडळात दर महिन्याला लोक आजारी कुंड्या घेऊन येतात. बीरगावचे एक काका वर्षभर एकच मोगरा आणत. पानांवरची कारखान्यांची धूळ रुमालाने पुसत आणि मलाच विचारत, "ताई, याले कळ्या काहून येत नाहीत?"

"सावलीत काहून ठेवता, काका? ऊन दाखवा त्याले," मी रागवायची. ते मान हलवत ऐकत.

मोगऱ्याचा हंगाम सरला, तरी तोच प्रश्न. दिवाळीनंतर मी वैतागले. "सांगतलेलं काहीच करत नाही तुम्ही."

"उन्हात ठेवला तं फुलंन ना. मंग इथं कशाले येऊ? बायको गेली तवापासून घरी मले मराठीत कोणी रागावत नाही. पोट्टे हिंदीतच बोलतात."

माझा मुलगाही हिंदीतच उत्तर देतो.

पुढच्या बैठकीच्या सकाळी मी माझ्या शेवंतीच्या सगळ्या कळ्या खुडल्या आणि कुंडी घेऊन त्यांच्याकडे गेले. "काका, हिले कळ्या काहून येत नाहीत?"