उशाजवळचं स्टूल

त्या भांडणाला आता तीस वर्षं होत आली, पण बाळाबाईच्या कानातनं ते अजून गेलेलं नाही. राजारामपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात ती तेव्हा नवी नवी मावशी म्हणून लागली होती. झाडलोट करायची, चादरी बदलायच्या, पेशंटला उठवून बसवायचं. बिद्रीकडचे एक म्हातारे दहा नंबरच्या कॉटवर होते. बाळाबाई पडद्याच्या अलीकडं फरशी पुसत होती आणि पलीकडं म्हाताऱ्यांचे दोन मुलगे, उदयसिंह आणि विजयसिंह, हळू आवाजात भांडत होते. आता कोल्हापूरच्या माणसाचा हळू आवाज म्हणजे निम्म्या जिन्यापर्यंत जायचाच.

"काल मी थांबलोतो. आज तुझी पाळी."

"थांबलातास? खाली गाडीत घोरत पडलातास! नर्सबाईनं फोन मला केला."

"आणि तू रं? शहाळी ठेवलीस आणि पळालास."

"ठेवली तर खरं! सहा हाईत, मोजून घे. सफरचंदं येगळी. तू काय आणलंस?"

बाळाबाईनं पडदा सारला. म्हातारे डोळे मिटून पडले होते. पण पायाचा अंगठा हलत होता. झोपलेल्या माणसाचा अंगठा तसा हलत नाही, एवढं तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कॉटजवळच्या स्टुलावर शहाळी, सफरचंदं, थर्मास, बिस्किटाचे पुडे, नुसता बाजार मांडलेला. टेकायचं म्हटलं तर बोटभर जागा नाही. आणि टेकायला थांबलं तरी कोण? दोघं भाऊ एकापाठोपाठ एक जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवसापासनं बाळाबाईनं स्वतःची रीत धरली. सकाळी वॉर्डात शिरलं की आधी स्टुलं मोकळी करायची. कॉटच्या कपाटावर हाताशी राहणार तीनच वस्तू: पाणी, रुमाल आणि चष्मा. बाकी सगळं कपाटाच्या आत. "ओ पावणं, ह्या पिशव्या उचला. माणसानं बसायचं कुठं, तुमच्या डोस्क्यावर?" असं ती नातेवाइकांना खडसवायची. डॉक्टर हसायचे. पण उशाजवळचा पसारा गेला की पेशंटला झोप बरी लागते, हे त्यांनाही पटलं होतं. बाळाबाईला मात्र आणखी एक गोष्ट कळली होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. ज्याच्या उशाला सामान फार, त्याच्याकडं माणूस कमी.

बावीस वर्षं नोकरी करून ती घरी बसली. दवाखान्यानं जुनी स्टुलं भंगारात काढली तेव्हा त्यातलं एक मागून आणलं, पांढऱ्या रंगाचं, एक पाय जरा आखूड. उत्तरेश्वर पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत ते कॉटजवळ बसलं. मालक होते तोवर सकाळचा चहा त्यावर बसून प्यायचे. ते जाऊन आता सहा वर्षं झाली.

मुलगा विश्वजित पुण्याला कंपनीत. पोरगा गुणाचा, आईला विसरणारा नव्हे. दर रविवारी दुपारी फोनवर तोंड दाखवायचा. आईनं एकदा म्हटलं, "झोप लागत न्हाय रं." झालं, पुढच्या आठवड्यात दारात खोकं. पाय दाबायचं मशीन. मग वाफ सोडणारा डबा, त्यात सात रंगांचे दिवे. मग गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची डबी. गोळी ती एकच घ्यायची, बीपीची. उरलेल्या कप्प्यांत तिनं लवंगा भरल्या. मग वासाचं तेल. मग हाक मारली की बोलणारा गोळा. बाळाबाईनं त्याला विचारलं, "पाऊस येतोय काय गं?" तर तो बाईच्या आवाजात म्हणाला, "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं." तेव्हापासनं दोघींचं बोलणं बंद.

हे सगळं स्टुलावर एकावर एक चढलं. दिवा मालवला की एकाचा हिरवा ठिपका लुकलुकायचा, दुसऱ्याचा तांबडा. कूस बदलताना कोपर लागलं की डबी खाली. झोप यायला आणलेल्या वस्तूंनी उरलीसुरली झोपही पळवली.

एक दिवस ती चादर झटकत होती आणि झटकता झटकता थांबली. स्टुलाकडं बघत राहिली. बसायला बोटभर जागा नव्हती. दहा नंबरची कॉट आता तिचीच होती.

पेशंटला डिस्चार्ज मिळाला की बाळाबाई त्याचं सामान आवरून द्यायची, तसंच तिनं आवरलं. वायरी गुंडाळल्या, डबे पुसले, सगळं जुन्या लुगड्यात बांधून ट्रंकेत ठेवलं. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा तांब्या, रुमाल, चष्मा. स्टूल ओल्या फडक्यानं पुसलं आणि आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

शेजारच्या शांताक्का दारात येऊन बघून गेल्या. "आगं बाई, खोली केवढी मोठी झाली!"

"या की, बसा."

"आत्ता न्हाई, कुकर लावलाय."

त्या रात्री झोप लागली. चांगली गाढ लागली. पण झोप लागली म्हणून सांगायला सकाळी घरात कोण होतं?

रविवारी विश्वजितचा फोन आला. आईच्या मागची जागा मोकळी बघून तो दचकलाच.

"आई, ती मशिनं कुठं गेली?"

"ट्रंकेत."

"ट्रंकेत? अगं, तुझ्या झोपंसाठी पाठवलीती न्हवं?"

"झोप लागतीया. चार दिस झालं."

"मग ते स्टूल रिकामं कशाला ठेवलंयस? एखादा दिवा तरी ठेव."

लोकांच्या मुलांना बावीस वर्षं ओरडून सांगितलेली गोष्ट आपल्या मुलाला तिनं हळूच सांगितली. "तू आलास तर बसशील म्हणून."

विश्वजितनं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग तो म्हणाला, "व्हय की आई. येतो. बघतो मी." त्याच्यामागं सून मोना कुणाला तरी काही शोधायला सांगत होती.

बघतो म्हणाला, म्हणजे येईलच, असं बाळाबाईनं धरलं. सोमवारी त्याला अंथरायला जाडी वाकळ उन्हात घातली. बुधवारी तांबड्या रश्श्यासाठी मसाला भाजला. गल्लीत गाडी वाजली की ती दाराशी जायची, आणि कुणी बघितलं तर उगाच रांगोळी नीट करायची.

शुक्रवारी दुपारी दारात गाडी थांबली. टेम्पो होता. दोघांनी एक भलंमोठं खोकं आत आणलं, फोडलं, चार स्क्रू पिळले आणि सही घेऊन गेले. गुबगुबीत आरामखुर्ची. मागोमाग फोन.

"आई, आली न्हवं खुर्ची? त्या स्टुलावर पाठ दुखती माणसाची. आलो की हिच्यावरच बसतो बघ."

"कवा येतोस?"

"ह्या म्हैन्यात न्हाई जमायचं गं. फुडच्या म्हैन्यात बघतो. आवडली काय?"

"चांगली हाय की. मऊ हाय."

खोटं बोलली नाही ती. खुर्ची मऊच होती.

पण कॉटजवळ स्टूल आणि खुर्ची दोन्ही मावेनात. स्टूल स्वयंपाकघरात गेलं, त्यावर पिठाचा डबा बसला. मग बाळाबाई खुर्चीत टेकून बघू म्हणून बसली. समोर तिचीच कॉट. चादर ताणून खोचलेली, कोपरे दवाखान्यातल्यासारखे दुमडलेले, उशी मधोमध. भेटायला आलेल्या पाहुणीसारखी ती मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि कॉटवर कुणीच नव्हतं. उगाच तिला वाटलं, पेशंटला विचारतात तसं काहीतरी विचारावं. काय विचारणार?

मग ऊन उतरलं. तिनं पदर सारखा केला, किटली घेतली, कडी लावली आणि दिवसाचं शेवटचं काम करायला निघाली. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या. जोतीराम उकिडवा बसून धार काढत होता.

"मावशी, पावशेर?"

"पावशेर."

त्यानं माप भरलं, वर पांढराधोट फेस चढला.

"फेस मोजू नगंस. दूध घाल."

"आवं, रोजचंच हाय की तुमचं!"

"मग तू बी रोज फेसच घालतोस की."

जोतीरामानं हसत आणखी चुळकाभर ओतलं. फेस बसेपर्यंत बाळाबाई तिथंच उभी राहिली, आत नीट बघितलं, झाकण लावलं आणि रस्त्याच्या कडेकडेनं घराकडं चालू लागली.